कडी

डूनार्ग, मेयो
११ फेब्रुवारी २००२

चि. मॅलकी यास,

ताईचे अ. उ. आ. सवयीने हात चालला म्हणून लिहिले, मनापासून आहेत असं समजू नकोस.

तुझ्या सेनेटातल्या भाषणाचं कात्रण टपाल कचेरीच्या नोरीननं काउंटरवर चिकटवलंय. शुक्रवारी आईचं पेन्शन आणायला गेले तर रांगेतल्या चारही बायकांनी सरकून मला वाट करून दिली. मी तिथेच उभ्याउभ्या वाचलं. मेयोतल्या एका गावात एक लेक आपल्या म्हाताऱ्या आईला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावते, आणि सरकारला त्याची लाज नाही, असं तू म्हणालास. नाव घेतलं नाहीस, मोठे उपकार केलेस. डूनार्गमध्ये बाहेरून कडी असलेली खोली एकच आहे हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.

आता ती कडी बसवली कुणी, तेही सभागृहाला सांगायचं होतंस. आई घरची वाट विसरून भर दुपारी अनवाणी तळ्याकाठी सापडली, त्या नाताळची गोष्ट. दुसऱ्या दिवशी तू शेजारच्या फेस्टसचा स्क्रूड्रायव्हर मागून आणलास, चार स्क्रू मारलेस, त्यातला एक तिरका घातलास, आणि घोड्यांच्या शर्यतींना वेळेत पोचायचं म्हणून चहाही न घेता गाडीत बसलास. नऊ वर्षं मी तिला न्हाऊमाखू घालते आहे. तुझी हजेरी चार स्क्रूंची.

पुढच्या बैठकीत उभा राहा आणि कडी मी लावली म्हणून सांग. त्याखेरीज मला काही नको.

तुझी बहीण,
ईटा

डब्लिन
१८ फेब्रुवारी २००२

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तू एवढी तापशील असं वाटलं नव्हतं. अगं, मी तुझ्याच बाजूनं बोललो. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना डे सेंटरला नेणारी गाडी सरकारनं बंद केली, आईचे तिथले आठवड्यातले दोन दिवस गेले, हे त्या मंत्रीणबाईंच्या कानी घालायला कुणीतरी हवंच होतं. आम्ही विरोधातले. नुसते आकडे सांगितले तर समोरचे घड्याळ बघत बसतात. कडीचं म्हटलं तेव्हा पहिल्यांदा माना वर झाल्या. मंत्रीणबाई मात्र घरून लिहून आणलेलं वाचून गेल्या, त्यात गाडीचा शब्द नव्हता.

उभं राहून सांगायचं म्हणशील तर ते जमण्यातलं नाही. सभागृहाच्या छापील अहवालात फार तर व्याकरण सुधारता येतं, मजकूर नाही. शिवाय उन्हाळ्यात आमची निवडणूक आहे. मतं देणार कौन्सिलर, त्यांच्या दारोदार मी सध्या हिंडतो आहे. कालच लाइट्रिममध्ये एकाकडे उकडलेलं बेकन आणि कोबी तिसऱ्यांदा खाल्ला. अशा वेळी स्वतःच्या आईला कडी लावणारा म्हणून माझं नाव झालं तर मी संपलोच.

चार दिवसांत लोक विसरतील. आईला सांग, रेडिओवर माझा आवाज येईल, तेवढा ऐकव.

तुझा लाडका,
मॅलकी

डूनार्ग
६ मार्च २००२

चि. मॅलकी यास,

आशीर्वाद या खेपेला राहू देत.

लोक विसरले नाहीत. सोमवारी सरकारी नर्स आली, मिसेस हॅनली. बाई वाईट नाही, पण तिच्या हातात फाइल होती आणि फाइलच्या पहिल्या पानावर तुझं भाषण. तिनं कडी पाहिली, आईचे पाय पाहिले, पाठ पाहिली, कुठे व्रण नाही म्हणाली. तरी वरच्या साहेबांचं म्हणणं असं, की सेनेटरनं भर सभागृहात सांगितलंय म्हणजे काही केल्याशिवाय गत्यंतर नाही. आईला पन्नास मैलांवरच्या मोठ्या दवाखान्यात कायमचं हलवायचं घाटतंय. महिन्याभरात निकाल. तिथे तिच्या खिडकीतून तळं दिसणार नाही आणि मीही दिसणार नाही. आई तिथे पंधरा दिवस काढणार नाही, हे तुलाही कळतं.

कडी मी त्याच संध्याकाळी काढली. आता दाराला फेस्टसच्या जुन्या बोकडाची घंटा टांगली आहे. आई उठली की वाजते आणि मी धावते. झोप गेली, पण ती तशीही कुठे होती.

आणि नाकानं कांदे सोलू नकोस. अहवालात काही घालता येत नाही म्हणालास ना? लायब्ररीतल्या मुलीनं तुमचे नियम काढून दिले. सभागृहात ज्याच्यावर चिखल उडतो, त्याला आपलं म्हणणं त्याच अहवालात छापून घेता येतं. मी सेनेटच्या समितीकडे अर्ज टाकलाय. ती लेक मी, ती कडी त्याची, आणि एक स्क्रू तिरका आहे, एवढंच लिहिलंय. तू आपण होऊन बोललास तर अर्ज मागे घेईन. आईसाठी तरी बोल. तुझ्याकडे याखेरीज मी आजवर काही मागितलेलं नाही.

ईटा

डब्लिन
२२ मार्च २००२

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू मला चांगलंच गोत्यात आणलं होतंस. समितीनं बोलावून विचारलं, ही लेक कोण. इथल्या जेवणघरात माझ्याच पक्षाचे लोक मला बघून हसत होते.

पण तुझा भाऊ इतकी वर्षं उगाच राजकारणात नाही. मी लेखी कळवलं, की मी कुठल्याही खऱ्या बाईविषयी बोललोच नव्हतो. ते उदाहरण प्रातिनिधिक होतं. अशी लेक नाही, अशी आई नाही, अशी कडीही नाही. सहीशिक्क्यानिशी दिलं. समितीनं तुझा अर्ज निकालात काढला, पत्राची प्रत तुला येईलच. बघ, तुझं नाव सुटलं, माझंही सुटलं. आता तरी रुसवा सोड.

ईस्टरला येतो. बरोबर एक फोटोवाला असेल. आईचा हात हातात घेतलेला एक फोटो पत्रकासाठी हवा आहे, कौन्सिलर लोकांना असलं आवडतं. तिला तो निळा स्वेटर घाल. सोडा ब्रेड करशील ना?

नर्सचं काय ते मी निवडणुकीनंतर बघतो.

तुझा,
मॅलकी

डूनार्ग
२७ मार्च २००२

मा. सेनेटर मॅलकी गिल्डे यांस,

स. न. वि. वि. आपल्या सहीच्या पत्राची प्रत मिळाली. समितीचे आभार.

ते पत्र मी मिसेस हॅनलीपुढे ठेवलं. तिनं दोनदा वाचलं, मग चष्मा काढून बराच वेळ हसली. फाइल ज्या बाईवर उघडली ती बाई नाहीच, असं सेनेटरच लिहून देतात, मग आपण कुणाला कुठे हलवणार, असं ती म्हणाली. घंटा वाजवून पाहिली, आईचं वजन घेतलं आणि माझ्या स्वयंपाकघरातच फाइल बंद केली. आई इथेच राहील. आपण आजवर सेनेटात एवढं बोललात, पण या घराच्या उपयोगी पडलेला आपला मजकूर हा एवढाच, आणि तोही खोटा.

ईस्टरला येऊ नये. फोटोवाल्यालाही कळवावं. अशी आई नाही असं आपणच कळवलं आहे, तेव्हा हात कुणाचा धरणार?

यासोबत पार्सलनं कडी पाठवत आहे. चारही स्क्रू कागदात बांधले आहेत. तिरका निघता निघत नव्हता, फेस्टसला बोलवावं लागलं. स्क्रूड्रायव्हर त्याचाच, तेव्हा तो पाठवलेला नाही.

एक सांगायचं राहिलं. पूर्वी रेडिओवर आपला आवाज आला की आई आपल्या नावाचा कप टेबलावर मांडायची. काल आपण गाडीबद्दल पुन्हा बोललात. आईनं सगळं ऐकलं. छान बोलतो हा माणूस, म्हणाली, आणि मला विचारलं की हा कुणाचा मुलगा गं. कप तिनं मांडला नव्हता. मी म्हटलं, कुणाचाच नाही आई, प्रातिनिधिक आहे.

लोभ नसावा ही विनंती.

ईटा गिल्डे