तक्रार नाही

सांगली,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. कृष्णात,

अक्काचा आशीर्वाद. तू पलटणीत होतास तोवर महिन्याला एक पत्र जायचं. तू घरी आलास आणि माझं लिहिणं थांबलं. यंदा तर मी फोनही टाळले. माफ कर. त्याला कारण होतं, ते पुढे येईल. आईचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक.

ठीक नाही, हे तुला परवाच कळलंय. मी रेश्माच्या छातीतल्या गाठीचं सांगत होते आणि तू म्हणालास, "अक्का, टोळी आलीया. ऊस जाऊ दे, मग बघू. तिला दुखतंय का? न्हाई न्हवं? मग?" आणि फोन ठेवलास. काल तिला, तुझ्या बायकोला, इथून परत बोलावूनही घेतलंस. म्हणून हे लिहिते आहे. कागदाला मधेच 'ठेवतो' म्हणता येत नाही.

एकोणीस वर्षं फौजेनं तुला दरवर्षी तपासलं. सुट्टीवर आलास की छाती काढून सांगायचास, "शेप वन, अक्का! एकदम फिट!" तेव्हा तुला कुठे दुखत होतं? रांगेत उभं केलं, कपडे उतरवले, तपासलं. ऊस गेला का, असं कुणी विचारलं नाही. आणि ती एकोणीस वर्षं तुझं रान, तुझी गुरं, तुझी आई सांभाळणाऱ्या बाईला दोन बाळंतपणं सोडली तर एकदाही डॉक्टरनं तपासलेलं नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या कार्डावर तिचं नाव घालायला फोटो लागतो. तीन वर्षं झाली, फोटो काढायचाच आहे! मोटारसायकलचा विमा मात्र तू एक दिवस चुकू देत नाहीस.

संताप लिहायला सोपा जातो. पुढचं अवघड आहे.

फेब्रुवारीत आपल्या गावच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा आमच्या कॉलेजतर्फे मी फॉर्म भरायला आले होते. नियम एकच होता. तिशीपुढच्या प्रत्येकीला पडद्यामागे डॉक्टरांकडे पाठवायचं, काही होत असो वा नसो. फॉर्मवर एक रकाना होता, 'तक्रार'. रेश्मा समोर येऊन बसली. शेजारी आई, दारात तू. मी विचारलं, "काही तक्रार?"

तिनं आधी आईकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. म्हणाली, "न्हाई वन्सं. माजी कुणाबद्दल काय तक्रार न्हाई."

बायका खिदळल्या. आई म्हणाली, "बगा, हाय का अशी सून कुणाची?" तू दारातनं ओरडलास, "लिव्ह अक्का, मोठ्या अक्षरात लिव्ह!" मीही हसले. रांग लांब होती, तिला धारांची घाई होती. मी लिहिलं, 'तक्रार नाही', आणि पुढे, कुणी न सांगता, 'तपासणीची गरज नाही'. एम.ए. झालेल्या बाईला त्या शब्दाचा त्या घरातला अर्थ कळला नाही? कळला होता, कृष्णात. हसू त्याचंच आलं होतं.

परतताना एसटीत ते 'गरज नाही' डोक्यात आलं. एक फोन करून 'जाऊन तपासून ये' म्हणता आलं असतं. केला नाही. मग न केल्याची लाज वाटत गेली आणि नऊ महिने गेले.

शनिवारी ती इथे आली. दार लावून तिनं माझा हात धरला आणि स्वतःच गाठीवर ठेवला. संक्रांतीपासून आहे म्हणाली. म्हणजे शिबिराच्या आधीपासून. मी जवळजवळ ओरडलेच, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"वन्सं, तुमी तक्रार इचारली. गाठ हाय का, आसं कुटं इचारलं?"

सोमवारी तिला डॉक्टर शरयूताईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "गाठ साधीही निघेल. पण ते वाट बघून कळत नाही. याच आठवड्यात सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करून घ्या." मग माझ्याकडे वळल्या, "आणि तुमची तपासणी कधी झाली होती?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. पटकन बोलून गेले, "मला काही तक्रार नाही हो."

रेश्मा माझ्याकडे बघतच राहिली. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "तुमालापन न्हाई?"

शुक्रवारी अकरा वाजता आम्हा दोघींची नावं लावली आहेत. हे पत्र मी टपालात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. वाच आणि काय ओरडायचं ते माझ्यावर ओरड, तिच्यावर नाही. ऊस टोळी तोडेल. टोळीला चहा तू करशील, पलटणीत करायचास तसा. मी तुला विचारायला येत नाहीये. तू बरोबर आलास तर मात्र तिला धीर येईल.

शुक्रवारी काय निघेल, मला माहीत नाही. वाईट निघालं, तर तुझे हे सोमवारपासूनचे चार दिवस मोजताना माझे नऊ महिने आधी मोज.

तुझ्यावर चिडलेली, आणि तेवढ्यानं सुटका न होणारी,
अक्का

(माझ्या वहीत) उद्या : पहिल्या एसटीनं गावी, वडूजला जाऊन रेश्माला घेऊन यायचं.