न घेतलेलं व्रत

अहो,

बंब पेटला होता, दूध तापवून झालं होतं, मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, आणि तुम्ही स्वतः नळावरून बादली भरून आणलीत. खाली ठेवून म्हणालात, "दाढीला पाणी जरा कडक दे." एवढंच. पण ज्या माणसाने कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून काढले, त्याने दाढीला पाणी मागितलं होतं. मी ताटावर वाकून रडले. त्या दिवशीच्या भातात खडे लागले आणि तुम्ही ते न बोलता काढून ठेवलेत.

ती सकाळ आज आठवायचं कारण, आपली लेक सुधा सासरहून, देवासहून, ट्रंक घेऊन आली आहे. परत जाणार नाही म्हणते. तिला परत पाठवायचं तर तुमची एक गोष्ट तिला सांगावी लागेल. तुम्हाला विचारल्याशिवाय सांगवत नाही, म्हणून हे लिहिते आहे. 'प्रिय' लिहायला हात धजत नाही. जन्मभर 'अहो' म्हटलं, तेच बरं.

मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, तुमची कचेरी भोपाळला गेली आणि तुम्ही तिच्यामागे गेलात. तिथे तुमच्या हाताखालचे लोक तुमच्या वर बसले. रजा टाकून उज्जैनला घरी आलात ते खाटेवर पडलात. वैद्य झाले, पूजा झाल्या, महाकाळाला अभिषेक झाला. शेवटी फ्रीगंजच्या डॉक्टरांनी त्या नव्या गोळ्या दिल्या. मनाच्या उदासीवर गोळी असते हे मला तेव्हा थट्टेसारखं वाटलं होतं. पण तुम्ही उठलात, जेवलात, उज्जैनमध्येच बदली मागून घेतलीत. त्या गोळ्यांना मी कधी नावं ठेवणार नाही.

मग आषाढी आली. तुम्ही आपली वळकटी बाहेरच्या खोलीत नेलीत आणि म्हणालात, "चातुर्मासात वेगळं झोपायचं व्रत घेतलंय."

मला हसू आलं. दरवर्षी वांगी सोडायचात आणि आठ दिवसांत भरीत मागायचात, तो माणूस हे व्रत घेतो? पण बरे झालात म्हणून देवाला बोललेलं असेल, असं समजले. चार महिने तुमचं अंथरूण मीच घालत होते.

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. मी न्हाले. भैरवगढच्या छापाची तांबडी साडी, तुम्हीच आणलेली, ती नेसले. शेवंतीची वेणी घातली. सुधा तेव्हा मामाकडे होती. संध्याकाळी मी आतल्या खोलीत दोघांचं अंथरूण घालून बसले. तुम्ही दारात आलात, वेणीकडे पाहिलंत, आणि खाली बघून म्हणालात, "व्रत पुढे चालू ठेवायचं म्हणतो."

त्या वेणीची लाज मला अजून जात नाही. चाळिशीची बाई, लग्नाजोगी मुलगी घरात, आणि ही नटून बसलेली. असंच वाटलं ना तुम्हाला? मला तरी तुमच्या चेहऱ्यावर तेच दिसलं. वेणी मी परसात टाकली, आणि त्यानंतर तुमच्यासमोर पदर कधी खांद्यावरून हलू दिला नाही.

पुढे मोहल्ल्यात तुमचा बोलबाला झाला. समोरच्या कमलामावशी तर मला पाण्याच्या रांगेत गाठून म्हणाल्या, "तुमचे हे म्हणजे अगदी ऋषी हो. आमच्याकडे साठी आली तरी समझ नाही."

बायका फिदीफिदी हसल्या. "मावशी, तक्रार करताय की कौतुक?" एकीने विचारलं.

"गप ग. पुण्यवान आहेस बाई तू," मावशी मला म्हणाल्या. मी घागर उचलली. पुण्यवान बाईला रडताही येत नाही, कारण कशासाठी रडते ते सांगणार कुणाला?

मी चौथी शिकलेली. पुड्यांचे कागद वाचत वाचत पुस्तकांपर्यंत आले. तेव्हा पुस्तकांतही शोधलं, पण पुस्तकातले नवराबायको दिवा मालवतात आणि पुढच्या पानावर सकाळ होते. ज्यांची रात्र अशी नसते त्यांचं कुणी लिहीत नाही. मग मी एकच समजले, की आजारपणात मी तुमची घाण काढली, तुम्हाला भरवलं, म्हणून आता मी तुम्हाला बायको वाटत नाही.

अशीच वर्षं गेली, गोळ्या चालूच होत्या, आणि तुम्हाला न्यूमोनियाने नेलं. तेरावं झाल्यावर उरलेल्या गोळ्या कुणा गरिबाला होतील म्हणून मी डॉक्टरांना द्यायला गेले. ते म्हणाले, "भाभीजी, आपने बहुत निभाया. इस दवा में किसी किसी को वो तकलीफ हो जाती है."

मला कळेना. "कौन सी तकलीफ?"

त्यांनी चष्मा काढला. "उन्होंने आपको बताया नहीं? मुझसे तो कहा था, घर में सब बता दिया है." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "मैंने कहा था, दवा की खुराक थोड़ी कम करके देखते हैं. हाथ जोड़ लिए. बोले, डॉक्टर साहब, दोबारा उस खाट पर नहीं जाना. और फिर कहा, मन तो वैसा ही है, बस शरीर जवाब नहीं देता."

टावर चौकातून घरी कशी आले आठवत नाही. मन तसंच होतं. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, मला का नाही? मी काय मागितलं असतं? पाठीवर हात ठेवून झोपला असतात तरी मला पुष्कळ होतं. लाजेने तुम्ही त्या खोलीत, लाजेने मी ह्या खोलीत, आणि मधल्या दाराला कधी कडीसुद्धा नव्हती.

आता सुधाचं ऐका. जावईबापूंची नोकरी सुटली, तेही तसेच खाटेला लागले. ह्याच डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ते उठले, कामाला लागले. आणि दोन महिन्यांपासून पाठ फिरवून झोपतात. ती माझ्याशी डोळे न मिळवता म्हणाली, "बाबांचं व्रत होतं, आई. ह्यांचं कसलं व्रत? ह्यांचं मन दुसरीकडे आहे. विचारलं तर भांडण काढतात."

तुमच्या तसबिरीकडे बघून म्हणाली, "बाबांसारखा माणूस मिळायला नशीब लागतं."

मी तिच्यासमोर पोहे ठेवले आणि आत निघून आले. तिला खरं सांगितलं तर तुम्ही ऋषी राहत नाही. आणि मी तिची आई, पांढऱ्या कपाळाची, लेकीशी बिछान्याचं बोलणार? जीभ उचलत नाही. गप्प राहिले तर ती माझ्यासारखंच आयुष्य काढील, नाहीतर इथेच माझ्या शेजारी म्हातारी होईल.

तुम्ही रागवाल का? मला वाटतं, लेकीसाठी रागवणार नाही. एक वचन देते. सांगेन ते फक्त तिला. आणि तुम्हाला लाज वाटत होती एवढंच सांगून थांबणार नाही. तुमचं मन तसंच होतं, हेही सांगेन.

काल पत्र इथे थांबलं होतं. आज दुपारी भांडी आवरून मी सुधाला माजघरात बसवलं आणि म्हटलं, तुझ्या बाबांनी व्रत घेतलं नव्हतं. सगळं सांगितलं. वेणीचंही. गोळ्या जावईबापूंना आपल्या मनाने बंद करायला लावू नकोस, दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, असं बजावलं. "मग ह्यांचंही मन तसंच असेल?" म्हणत तिने ट्रंक भरली, आणि ती उचलून मी तिला देवासच्या मोटारीत बसवून आले.

तुमची,
मंदा