मीटर येईपर्यंत

मलकपेठ, हैदराबाद
९ फेब्रुवारी

ति. अक्कास आदर्शचा सप्रेम जय भीम. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, पिऊन लिहिलेलं नाही. हा डावा हात आहे. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, रोज एक पान लिहा, काहीही लिहा. इंग्रजीत लिहिलं तर आईला वाचता येणार नाही, म्हणून मराठी. आपण शाळेत शिकलो तेलुगू आणि हिंदी, त्यामुळे वेलांट्या आई सांगते आणि मी काढतो. तुझी भावजय राणी पानाचा फोटो काढून तुला पाठवेल. तूही हातानेच लिही, टाइप नको. मला एकट्यालाच शिक्षा कशाला?

तू विचारलं होतंस, त्या दिवशी नेमकं काय झालं. फोनवर सांगता येत नव्हतं. आईलाही माझं काम काय ते आत्ताच नीट कळलं. तिला म्हटलं, दवाखान्यात माणसाचा एक्स-रे काढतात तसा आम्ही पाइपाच्या वेल्डिंगचा काढतो. सोर्स म्हणजे किरणोत्सारी धातूचा इवलासा तुकडा. हँडल फिरवलं की तो वायरीने पेटीतून निघून नळीच्या टोकाशी जातो. काम झालं की परत ओढून पेटीत बंद करायचा. त्या दिवशी वायर परत आली, सोर्स आला नाही. तुटून टोकातच राहिला. किरण मोजायचा मीटर धरला असता तर कळलं असतं. पण मीटरची बॅटरी गेलेली होती, आणि आमचे सुपरवायझर विजय साहेब म्हणाले, पाइप न्यायला ट्रेलर उभा आहे, आजचा दिवस निभावून न्या. माझा जोडीदार पुष्कर लांब हँडलपाशी होता. मी ते टोक हातात धरून एकेका जोडाला बांधत राहिलो.

काही आठवड्यांत अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. चौथ्याकडे डॉक्टर बघतात आणि पुढची तारीख देतात. मला जसं वाटायला हवं तसं काही वाटत नाही. जेवतो, टीव्ही बघतो. राणी नारायणगुड्याला शाळेत शिकवायला जाते, येते. काल विजय साहेब संत्री घेऊन आले होते. म्हणाले, चालू मीटर यार्डात होता, मीच न्यायचा विसरलो, असं लिहून दिलं तर ते मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम देतील. मी बघू म्हणालो.

आईचा तुला आशीर्वाद. माया आहे तशीच असू दे.

तुझा
आदर्श

२० फेब्रुवारी

चि. आदर्श यास सुमेधाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र मिळालं. तुझ्या ओळी चारमिनारच्या जिन्यासारख्या चढतात, पण वाचता येतात. उजव्या हाताचं अक्षर याहून काही बरं नव्हतं.

इथलं कळवते. माझ्या ऑफिसने मला वर्षभरासाठी का पाठवलं, हे आईने परत विचारलं होतं म्हणून. हा बेटांचा छोटा देश. एक कॅन्सरचं हॉस्पिटल, काही दवाखान्यांतली एक्स-रे मशिनं, आणि जहाजं दुरुस्त करायची एक गोदी. गोदीत तुझंच काम चालतं, तसलाच सोर्स. पण देशात कोण कुठला सोर्स आणतं, कुठे ठेवतं, जुना झाला की कुठे टाकतं, हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही. कायदा नाही, तपासणारं खातं नाही. ते उभं करायचं काम आमचं. ऑफिस मासळीबाजाराच्या वर आहे. मी, इथले दोन अधिकारी आणि एक पंखा.

मंत्र्यांना पहिला मसुदा दाखवला. भला माणूस आहे, चहा पाजला. त्यांनी एकच विचारलं, इथे आजवर कुणाला इजा झाली आहे का? आम्ही नाही म्हणालो. मग घाई कसली, असं म्हणून त्यांनी मसुदा बाजूला ठेवला.

त्या वेळी तुझ्या हाताचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी दाखवला नाही, कारण तुला विचारलं नव्हतं. आता विचारते. नाव सांगणार नाही. दाखवू का?

विजय साहेबांना जे खोटं आहे ते लिहून देऊ नकोस. मला इथे बसून हे सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशीही मी मीटिंगला गेले आणि सगळे मुद्दे नीट मांडले. रडू नंतर येईल असं वाटलं होतं, ते आलंच नाही.

आईच्या गुडघ्याला शेक दे. विसर पडू देऊ नये.

तुझी
अक्का

मलकपेठ
१ मार्च

ति. अक्कास जय भीम. वि. वि.

फोटो नको. नाव सांगितलं नाहीस तरी तो माझाच हात आहे. बसमध्ये लोक बघतात, लग्नात बघतात, आता मंत्रीही बघणार. मला नाही चालत.

आणि मी लिहून दिलं. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी. डाव्या हाताने पहिली खरी सही केली ती त्या कागदावर. तू रागावशील, रागव. स्टोअरमध्ये पंखा आहे, खुर्ची आहे. राणीच्या एकटीच्या पगारावर घर किती दिवस ओढायचं?

आई रात्री म्हणाली, एक पोरगी जगाला नियम शिकवायला गेली आणि एक पोरगा म्हणतो माझीच चूक. मग कुकर लावायला गेली.

पुष्कर बरकतपुऱ्याहून दर रविवारी येतो. बसतो, चहा पितो, माझ्या हाताकडे न बघता निघून जातो. त्याला कागदाचं सांगितलं. तो म्हणाला, ठीक केलंस भाई, सगळ्यांचीच रोजी आहे.

थोडक्यात लिहिलं आहे, हात दुखतो. उणंदुणं मनात ठेवू नये.

आदर्श

१८ मार्च

चि. आदर्श यास अनेक आशीर्वाद.

फोटो पुसून टाकला आहे. तो विषय संपला. कागदाबद्दलही मी रागावलेले नाही. रागवायला जे लागतं ते सध्या माझ्यापाशी नाही.

परवा एक झालं, ते तुलाच सांगावंसं वाटलं. आम्ही गोदीत पाहणीला गेलो होतो. कायदा नाही, म्हणजे आम्ही पाहुणे. एका जहाजाच्या पोटात पाइपाच्या जोडाचा एक्स-रे काढायची तयारी चालली होती. दोन कामगार, दोघे बापाच्या वयाचे. मी विचारलं, मीटर कुठे आहे? एकाने हसून कपाटाकडे बोट केलं. कपाटात मीटर होता, पण तो चालू होत नव्हता. मी मॅनेजरला म्हटलं, काम थांबवा. तो फार अदबीने बोलला. म्हणाला, मॅडम, जहाज उद्या निघायचं आहे, आणि तुम्ही कुठल्या कलमाखाली थांबवता तेवढं सांगा.

कलम नव्हतंच. मग मी त्यांनी बांधलेली दोरी ओलांडली आणि त्या पाइपाला टेकून उभी राहिले. माणूस आत उभा असताना सोर्स बाहेर काढता येत नाही, एवढं तेही पाळतात. मॅनेजरने आधी विनवलं, मग आवाज चढवला, मग फोन लावले. माझे सहकारी बाहेरून परत या म्हणत होते. मला भीती वाटत नव्हती आणि शूर वगैरेही वाटत नव्हतं. पाय दुखत होते. ते दोघे कामगार माझ्याकडे बघत डबा खात होते. त्यातल्या एकाने केळं आणून दिलं, तेवढं खाल्लं.

दिवस कलल्यावर हॉस्पिटलमधून चालू मीटर आला. मग त्यांनी काम केलं आणि आम्ही घरी गेलो. मंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. मला वाटलं, परतीचं तिकीट देणार. ते म्हणाले, दर वेळी तुम्ही तिथे उभ्या राहणार का? मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी मसुदा मागवून घेतला.

आईला हे सगळं सांगू नकोस, थोडंसंच सांग. आठवण असू द्यावी.

अक्का

मलकपेठ
६ एप्रिल

ति. अक्कास सप्रेम जय भीम. वि. वि.

आईला सगळंच वाचून दाखवलं, तिने वेलांट्या तपासायच्या म्हणून फोन हातातून घेतलाच. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं की केळं खाल्लं तेव्हा हात धुतले होते का.

दुसऱ्या दिवशी मी पुष्करच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, सरकारी चौकशीचे अधिकारी पुढच्या आठवड्यात येणार आहेत, मी खरं सांगणार आहे. तू येतोस का? त्याच्या बायकोने मला चहा विचारला नाही. पुष्कर म्हणाला, कंपनीचं लायसन्स गेलं तर सगळे घरी बसतील. मी हौ, खरं आहे म्हणालो.

अधिकारी आले. दोघं होते, नीट बोलले, घाई केली नाही. मी सांगितलं की तो कागद खोटा आहे. मीटर बंद होता आणि तो बंद आहे हे विजय साहेबांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, आधी तसं का लिहून दिलंत? मी खुर्ची आणि पंख्याचं सांगितलं. त्यातल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात पुष्कर आला. चप्पल न काढता दारातच उभा राहून म्हणाला, हा बोलतो ते बरोबर आहे, मीही तिथे होतो. आणि निघून गेला.

कंपनीचं लायसन्स थांबवलं आहे. विजय साहेबांची नोकरी गेली, पुष्करही घरी आहे, बाकीचेही. पुष्करची बायको भाजीबाजारात राणीला बघून वाट बदलते. स्टोअरचं काम अर्थातच नाही. खरं बोलून हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही झालं नाही. झोप मात्र लागली.

चौथं बोट परवा काढलं. करंगळी राहिली आहे. राणी म्हणते, बांगड्यांच्या दुकानात बोट दाखवून भाव विचारायला करंगळी पुरते.

तुझ्या मायेत कमी येऊ नये.

आदर्श

२२ जुलै

चि. आदर्श यास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

कायदा झाला. टाळ्या वगैरे नाहीत, सभागृहात निम्मे लोक जेवायला गेले होते. आता इथे परवान्याशिवाय सोर्स आणता येणार नाही, आणि तपासणाऱ्याला काम थांबवता येईल. एक कलम मी हट्टाने घालून घेतलं. चालू मीटर नसेल तर कामगार नाही म्हणू शकतो, आणि त्यासाठी त्याला काढता येणार नाही. मंत्र्यांनी ते दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

तू मागे फोनवर विचारलं होतंस, असं आपल्याकडे का नाही. आपल्याकडे नियम कधीचे आहेत, आदर्श. त्या दिवशी यार्डात ते कुणी कपाटातून बाहेर काढले नाहीत, एवढंच. म्हणून कायदा झाला तरी मला रात्री नेहमीसारखंच जेवण गेलं.

पुढच्या महिन्यात गोदीतल्या कामगारांचं शिक्षण सुरू होतं. हात दाखव असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यात तुझं काम करणारे आहेत, बरेचसे आपल्याकडूनच आलेले, हिंदी कळणारे. व्हिडिओवर त्यांच्याशी बोलशील का? नाही म्हणालास तरी चालेल. पुष्करला काम लागलं का ते कळव.

तिकडच्या खुशालीची वाट बघते.

अक्का

मलकपेठ
१७ ऑगस्ट

ति. अक्कास आदर्शचा जय भीम. वि. वि.

पुष्करला उप्पलकडे गोडाऊनमध्ये काम मिळालं. या लाइनमध्ये परत जाणार नाही म्हणतो. रविवारी यायला लागला आहे. परवा पहिल्यांदा हात कसा आहे म्हणून विचारलं.

तू काल व्हिडिओच्या वेळी बाजूला बसली होतीस, पण स्क्रीन कामगारांकडे होती म्हणून तुला माझी बाजू दिसली नसेल. राणीने मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. हात टेबलाखाली ठेवायचा असं ठरवूनच बसलो होतो. मीटर, बॅटरी, नळी, सगळं क्रमाने सांगितलं. ते ऐकत होते, पण शाळेत ऐकतात तसं. मग मागच्या रांगेतल्या पांढऱ्या दाढीवाल्या चाचांनी विचारलं, बेटा, पकडा तब कैसा लगा? जला क्या?

मी सांगितलं, काहीच नाही लागलं. गरम नाही, थंड नाही. दुपारी त्याच हाताने डबा खाल्ला. राणीने भेंडी दिली होती, छान झाली होती. संध्याकाळी बस पकडली, घरी येऊन आईचे गुडघे चेपले. तो दिवस रोजच्यासारखाच गेला.

हे सांगताना हात कधी वर आला मला कळलं नाही. त्यांनी बघितला. कुणी तोंड फिरवलं नाही. चाचांनी आपला उजवा हात समोर धरला आणि उलटसुलट करून बघत राहिले. मग शेजारच्याने बघितला, मग त्याच्या पुढच्याने. मी हात तसाच वर ठेवून बसून राहिलो.

राणीने फोन बंद केला तेव्हा माझा चेहरा ओला होता. मी तिला विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती म्हणाली, भेंडीपासून.

आई ठीक आहे. तू लवकर ये.

तुझा
आदर्श