आत्याच्या कॉम्प्युटरची डागडुजी

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जुन्या कॉम्प्युटरची डागडुजी कुठवर करायची, असं तू विचारलंस. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच सांगते.

मागे मेमरी वाढवली, मग डिस्क बदलली. तरी त्याला जोडलेल्या मशीनवर भरतकाम चालू असताना तो गोठतो आणि मशीनची सुई अर्ध्या फुलावर थांबते, हे वाचून वाईट वाटलं. पण आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत चांगले चालते कॉम्प्युटर छतापर्यंत रचलेत. नवे आले, म्हणून हे भंगारात. तसं तुझ्या कॉम्प्युटरचं व्हायला नको. रविवारी येते, सिस्टिम नव्याने टाकते. दमले आहे, पण येईन. एकदाच अजून धीर धर.

बाबांना सांग, मी वेळेवर जेवते. तुझा लोभ या डबड्यापायी आटू देऊ नकोस.

तुझी भाची

१५ जुलै

चि. पदवीधरबाईंस,
अनेक आशीर्वाद.

रविवारभर जमिनीवर बसून स्क्रू काढलेस. सोमवार बरा गेला. मंगळवारी शाल निम्मी झाली आणि पुन्हा तेच. सुई त्या टाक्यावर परत बसेना, शाल वाया गेली. गिऱ्हाईक फार बोललं नाही, पण पुढचं काम समोरच्या दुकानात गेलं. तुझे बाबा म्हणतात, लेक कॉम्प्युटरची डॉक्टरकी करतेय, पेशंट मात्र धड दगावेना की उठेना.

रागावू नकोस. तुझं म्हणणं चांगलंच आहे. पण बाई, माझं सगळं असंच गेलं. लहानपणी कपडे तुझ्या बाबांचे उसवून शिवलेले, पुस्तकं शेजारणीची, हे मशीनसुद्धा कुणीतरी वापरून काढलेलं. दुसऱ्याचं नीट करून घेता घेता हात दमला. एकदा तरी खोक्याची चिकटपट्टी मी फोडावी, वस्तूला पहिला हात माझा लागावा, असं वाटतं. म्हातारचळ म्हण हवं तर.

जेवतेस म्हणे, तुझ्या बाबांना पटत नाही. चिडलीस तरी दोन ओळी लिहीत जा.

आत्या

२८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर भांडायलाच बसले होते. मुद्दे काढले, सगळे बरोबर होते. फक्त तत्त्व माझं होतं आणि वाया गेलेली शाल तुझी. कागद बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

तू माल पोचवायला गेलीस तेवढ्यात मी खोकं घेऊन आले, बाबांनी दार उघडलं. तुझी सगळी डिझाइन्स पेनड्राइव्हवर घेतलीत. मशीनची केबल नव्या कॉम्प्युटरला थेट बसत नाही, मध्ये एक छोटी जोडणी लागेल; तीही शेजारी ठेवली आहे. दुकानदार चालू करून दाखवतो म्हणाला, मी नको म्हटलं.

जुना मी नेते आहे. मला त्यावर अर्जच लिहायचेत. गोठला तर माझं वाक्य अडेल, कुणाची शाल नाही. जड आहे मेला. बाबा बसपर्यंत धरू लागणार आहेत.

अशीच हक्काने रागावत राहा. हे पत्र खोक्यावर ठेवते. चिकटपट्टीला मी बाबांनाही हात लावू दिलेला नाही.

तुझी भाची