पाणी गोडच आहे

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. नोकरीतून दोन वर्षांची रजा घ्यायची, बायको आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन परक्या देशात यायचं आणि अनाथ मुलांचं वसतिगृह चालवायचं, हे येरागबाळ्याचं काम नोहे. मुलं अडतीस. मला 'सर' म्हणतात. मनातून बापच मानत असणार.
संकल्प: रोज अर्धा तास इथली भाषा. लेकीला रोज एक तास. कोणावर चिडायचं नाही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
भाषा उद्यापासून. लेकही उद्यापासून. आचारीणबाईंवर चिडलो, पण ते शिस्तीसाठी.

९ फेब्रुवारी
पाण्याचा टँकर आजही आला नाही. आणि आज मला स्वयंपाकघरामागच्या गवतात काय सापडावं? चक्क विहीर! वर दगडी फरशी, फरशीवर दोन मोठे धोंडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार माणसं लावून फरशी हटवली. पाणी काळंशार, अगदी स्थिर. जरा वास आला. बंद जागेला येतोच.
आचारीणबाई दारात उभ्या होत्या. एकच शब्द तीनदा म्हणाल्या. अर्थ कळला नाही, सुरावरून आशीर्वाद वाटला.
ही, म्हणजे माझी बायको, नर्स आहे. म्हणाली, हौस म्हणून कोणी विहिरीवर धोंडे ठेवत नाही. मी म्हटलं, मी अकरा वर्षं पंप विकलेत. तर म्हणते, पंप विकलेस, पाणी नाही.
नर्स लोकांना जिथे तिथे जंतू दिसतात.

१६ फेब्रुवारी
पंप बसला. टाकी बसली. चार टप्प्यांचा फिल्टर बसला. व्हरांड्यात ओळीने सहा नळ! पहिला पेला मीच पिणार होतो, पण चहा जास्त झाला होता. म्हणून लेकीला दिला. एक घोट घेऊन म्हणाली, गोड आहे, बाबा. तेवढ्यात हिने तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि झाडाच्या मुळाशी ओतला. टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत या पाण्याचा एक थेंबही कोणी प्यायचा नाही, म्हणाली. लेकीचं तोंड एवढंसं झालं. माझंही.
सॅम्पलची बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवली. लॅब बसने चाळीस मिनिटांवर. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
बस चुकली.

२ मार्च
बाटली फ्रिजमध्येच आहे. थंडीत पाणी टिकतं.
आवारातला कुत्रा नळांखालच्या डबक्याला तोंड लावत नाही. ओलांडतही नाही, वळसा घालून जातो. जनावरं नव्या गोष्टींना बिचकतात.
वसतिगृहाच्या मेट्रनबाईंना थोडं इंग्रजी येतं, म्हणून त्यांना आचारीणबाईंच्या त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्या मला विहिरीपासून वीस पावलांवर घेऊन गेल्या आणि गवतातलं एक गंजकं झाकण दाखवलं. खाली जुन्या संडासांची टाकी आहे म्हणे. पाऊस झाला की भरून वाहते.
म्हणजे आचारीणबाई त्या दिवशी भलत्याच विषयावर बोलत होत्या.

११ मार्च
प्रगती! मुलं वर्गात, मैदानावर, जिथे जातील तिथे आपापली पाण्याची बाटली नेतात. मी कधी सांगितलं नव्हतं. शिस्त अशी झिरपते. नळांवर गर्दी नाही, म्हणजे व्यवस्थापन उत्तम.
फक्त गॅस सिलिंडर पंधरा दिवस जायचा तो नऊ दिवसांत संपला. कोणीतरी पहाटेपासून शेगडी पेटती ठेवतं. आचारीणबाईंना विचारलं तर त्या हिच्याकडे बघायला लागल्या. ही म्हणाली, कडधान्यं शिजायला वेळ लागतो. कडधान्यं गेल्या मंगळवारीच संपली होती. मोठ्या शेगडीला कुलूप लावलं.

१३ मार्च
मागच्या अंगणात तीन दगडांची चूल दिसली. वर हंडा. काय शिजतंय विचारलं. ही म्हणाली, पाणी. मी म्हटलं, अंघोळीला? तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. मग म्हणाली, हो, अंघोळीला.
हल्ली घरात तुटक बोलतात. कामाचा ताण.

१९ मार्च
दोन दिवस धो धो पाऊस. नळाला पिवळसर पाणी. फिल्टर उघडला तर आतली नळी काळीकुट्ट! म्हणजे फिल्टर काम करतोय.
सव्वीस तारखेला संस्थेचे अध्यक्ष नळांच्या उद्घाटनाला येणार. त्याआधी टेस्ट म्हणजे शुभकार्यात शिंक. हिने बाटलीबद्दल पुन्हा विचारलं. सत्तावीसला जातो म्हटलं. ही म्हणाली, तू जाणार नाहीस, सोमवारी मीच जाईन.
लेक जेवली नाही. शाळेचा कंटाळा असणार.

२१ मार्च
लेकीचं कपाळ तापलंय. ऊन लागलं असेल. (ऊन नाही, पण दमट हवेनेही लागतं.) ही तिच्या उशाशी बसून आहे. लॅबला जाणं त्यामुळे राहिलं. यात माझा दोष नाही.
भाषण लिहून झालं. 'जल हेच जीवन' तीनदा आलंय. एकदा कमी करावं का?

२४ मार्च
ताप उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. ही म्हणते हॉस्पिटल. मी म्हटलं, सव्वीसनंतर. अध्यक्षांना फूल द्यायचं काम मी लेकीला दिलंय. तिला विचारलं, जमेल ना? म्हणाली, जमेल, बाबा. शहाणी आहे. माझ्यावर गेलीय.

२५ मार्च
हिने टॅक्सी बोलावली होती. मी परत पाठवली. एक दिवसाचा तर प्रश्न.


२६ मार्च, दुपारी ४.४०, हॉस्पिटल

अकराला कार्यक्रम सुरू झाला. अध्यक्षांनी नळ सोडला, पेला भरला. लेक फूल घेऊन दोन पावलं पुढे आली, खाली बसली, आणि बसल्या जागी आडवी झाली. फूल मुठीतच. ही धावत आली. येता येता अध्यक्षांच्या ओठांजवळचा पेला तिने हिसकून घेतला. मी माइकसमोर होतो. माझ्या तोंडून 'जल हेच' एवढंच निघालं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टायफॉइड. फार उशीर केलात, आतड्यावर गेलाय, दोन दिवस काही सांगता येत नाही. पाणी कुठलं पिते, असं विचारलं. ही म्हणाली, उकळलेलं. फेब्रुवारीपासून मी आणि आचारीणबाई पहाटे पाचला उठून घरातल्या प्रत्येकासाठी टँकरचं पाणी उकळतो, अडतीस मुलांसाठीसुद्धा.
मला हे आत्ता कळलं.
तेव्हा लेक डोळे न उघडता म्हणाली, आई, रागावू नकोस, मी शाळेतून आल्यावर रोज नळाचं पाणी दोन पेले प्यायचे. बाबांच्या नळाला कोणीच येत नाही ना. त्यांना वाईट वाटलं असतं.
हिने मला विचारलं, तू किती पेले प्यायलास?
मी आठवून बघितलं. मी दिवसभर चहावर असतो.

२७ मार्च
लेक कोणाला ओळखत नाही. ही कालपासून खुर्चीतून उठलेली नाही. मी काही आणू का विचारलं. म्हणाली, तू फक्त काही करू नकोस.
बाटली घेऊन लॅबला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तारीख वाचली आणि सांगितलं, असलं सॅम्पल एका दिवसाच्या आत आणायचं असतं. मी म्हटलं, फ्रिजमध्ये होतं. त्यांनी झाकण उघडलं, लगेच लावलं.

२९ मार्च
ताप तसाच. वसतिगृहावर चक्कर मारली. मेट्रनबाईंनी माणसं बोलावून विहीर बंद केली, नळही काढले. कोणी मला विचारलं नाही. अडतीस मुलं ओळीने उभी राहून आपापली बाटली भरून घेत होती. मला कोणी 'सर' म्हटलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, ती कशी आहे? भाषा शिकलो नाही, पण तेवढं कळलं.

१ एप्रिल, सकाळी ७.३०
पहाटेपासून ताप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचली.
सातच्या सुमारास लेकीने डोळे उघडले. पाणी मागितलं. ही खिडकीशी होती, मी जवळ होतो. थर्मासमधलं पाणी ओतलं, पेला तिच्या हातात दिला.
तिने आधी आईकडे बघितलं. हिने मान हलवली. मग प्यायली.