कॉफी कलरचा पीस आणि बदकांचं अस्तर

जालना, एमआयडीसी कॉलनी

आदरणीय राजानंद दाजींना वसंताचा मनापासून जय भीम. अक्कालाही सांगा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? माझे दोन्ही जागेवर आहेत, एवढंच सांगू शकतो. अक्काचं बीपी, म्हैस, आकांक्षाच्या लग्नाची तयारी, सगळं बराबर चालू असेल असं धरून पुढं लिहितो. आजकाल पत्र कोण लिहितं म्हणाल, पण फोनवर हे बोलायची सोय न्हाई. आमच्या घरात फोन स्पीकरवरच ठेवायची रीत पडलीय, आणि कुकरची शिट्टी चालू असताना सुद्धा ज्योत्स्नाला स्वयंपाकघरातून पलीकडच्या माणसाचा श्वास ऐकू येतो. तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्यानंच वाचा. (अक्काला दाखवलं तरी चाललं असतं, पण ती बहीण माझी असली तरी बाजू भावजयीची घेते.)

तर दाजी, मी रोज सकाळी पळून राह्यलो. तुम्ही हे वाक्य परत वाचलं असणार, वाचा. त्याचं असं झालं की आपली सुमेधा पोलीस भरतीची तयारी करून राह्यली आणि हिवाळा संपता संपता तिचं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, आहे. पोरगी पळते चांगली, पण पळायचं कुठं? आमच्याकडं एमआयडीसीचा रस्ता. पहाटे तिथं सळया भरलेले ट्रक आणि रातपाळी सुटून झोपेतच गाडी हाकणारी माणसं. ज्योत्स्नानं निकाल दिला की सोबत बाप गेला तर पोरगी जाईल, न्हाईतर भरती बिलकुल विसरा. आता बाप म्हणजे मी. बियाण्याच्या प्लँटवर स्टोअर सांभाळणारा. मागं एकदा गंमत म्हणून गोण्यांच्या काट्यावर उभा राह्यलो तर हमाल म्हणले, साहेब, दोन गोण्या भरून वर थोडं बी सांडलंय. अशा माणसावर पोरीची भरती येऊन ठेपली, हे तुम्ही ध्यानात घ्या आणि मंगच पुढं हसा.

पहिल्या दिवशी ऑफिसचे चामडी बूट घालून पळालो. त्याबद्दल जास्त लिहीत न्हाई, टाचेचं कातडं अजून पुरतं आलेलं न्हाई. मंग भरतीच्या पोरांना विचारलं. ती म्हणली, काका, बूट जितका हलका तितका माणूस पळतो. मला ते पटलं. वजन सगळं आपल्याकडं आहे, निदान बुटाकडं तरी नको. कागदासारख्या तळव्याचा बूट घेतला. दाजी, त्या बुटातून रस्त्यावरची खडी मला नावानिशी ओळखू यायला लागली. चार दिवसांत गुडघा असा सुजला की पँट वर सरकेना. डॉक्टर झाले, शेक झाला, आणि ज्योत्स्नानं शेक देता देताच सांगितलं की आता आणखी एक तमाशा झाला तर पळणं बंद, दोघांचंही. सुमेधा दारात उभी होती. माझ्या गुडघ्याकडं बघत राह्यली. तिचं ते बघणं मला गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं.

मंग तिनंच मला दुकानात नेलं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि पळताना तो फुगूनच असतो. पायमोजे घालूनच माप घ्यायचं, पंजा पसरायला जागा पाहिजे, टाचेखाली जाड गादी पाहिजे आणि अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा सुटली पाहिजे. शेवटच्या अटीवर मी अडून बसलो. आमच्या बाबांनी वाढता पाय म्हणून कायम दोन नंबर मोठा बूट घेतला आणि पुढं कागदाचे बोळे कोंबले. त्यामुळं पुढं जागा सुटली की मला आजही गरिबी आल्यासारखं वाटतं. पण पोरीनं ऐकलं न्हाई. दुकानदारानं सगळ्यात रुंद जोड काढला, तो पोपटी, त्याला नारंगी नाडी. दुसरा रंग ह्या रुंदीत येतच न्हाई म्हणाला. (जाड माणूस ट्रकवाल्याला लांबूनच दिसावा अशी कंपनीची योजना असणार.) पण खोटं कशाला बोलू, तो बूट घातला आणि गुडघा गप झाला.

तोवर थंडी आली. जाड माणसाला थंडी वाजत न्हाई, असं बारीक माणसं म्हणतात. मी दोन स्वेटर, कमरेला शाल आणि माकडटोपी असा निघालो. पहिल्या वळणापर्यंत घामानं आंघोळ झाली, दुसऱ्या वळणावर दम खायला थांबलो तर वारा सुटला आणि ओला बनियन पाठीला बर्फासारखा चिकटला. आठवडाभर प्लँटमध्ये शिंकत होतो. मी आलो की पॅकिंगच्या बाया पिशव्यांची तोंडं धरायच्या. सुमेधा म्हणली, पप्पा, सुती बनियन घाम धरून ठेवतो, आतून घाम न धरणारं पातळ कापड घाला, वरून वारा अडवणारं एकच सैल, आणि निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. आतलं मिळालं. मांड्या घासू नयेत म्हणून खालून एक घट्ट चड्डी पण मिळाली (तिचं वर्णन पत्रात नको). वरच्या ट्रॅकसूटचं मात्र जमेना. दुकानातला सगळ्यात मोठा पोटावर येऊन थांबला. दुकानदार म्हणाला, साहेब, पोट आत घ्या. मी म्हणलं, हे आत घेतलेलंच आहे.

नेमकी त्याच आठवड्यात ज्योत्स्ना आष्टीला माहेरी गेल्ती. आमच्या घरात आहेरात आलेल्या कापडांची एक पेटी आहे, तुमच्याही घरात असेल. ह्या लग्नात आलेला पीस त्या लग्नात द्यायचा, कोणी शिवत म्हणून न्हाई. त्यात तळाशी एक जाडजूड सुटिंगचा पीस होता, कॉफी कलरचा, वारा काय गोळी पण अडवील असा. तो मी रामप्रसाद टेलरला नेऊन दिला आणि ट्रॅकसूट शिव म्हणलं. आता रामप्रसादनं ह्या घेराच्या माणसाला आजवर फक्त सफारी शिवलीय. त्यानं सफारीच शिवली, नुसती पायाशी इलॅस्टिक घातलं आणि बटणांच्या जागी चेन लावली. चार खिसे आहेत, इस्त्रीची घडी आहे. पीस माझ्या मापाला पुरला कसा ह्याचंच मला नवल वाटलं, तर त्यानं पाठीला बराबर त्याच रंगाचा तुकडा जोडलेला, आणि न सांगता आतून फलालीनचं अस्तर टाकलेलं. ऊब चांगली आहे. पण त्या अस्तरावर पिवळी बदकं आहेत, दाजी. भरतीच्या पोरांसमोर चेन उघडायची सोय ठेवली न्हाई.

ही सफारी चालताना सर्र सर्र वाजते, त्यामुळं कुत्री लांबूनच मागं लागतात. पण कारखान्यांच्या गेटवरचे वॉचमन उठून उभे राहतात. कॉफी कलरची सफारी, पोट, आणि एवढ्या पहाटे, म्हणजे कुठल्या तरी खात्याचा साहेब तपासणीला आला, असं त्यांना वाटतं. पहिल्या दिवशी एकानं सलाम ठोकला. मी पण ठोकला, काय करणार. आता रोज चार ठिकाणी सलाम होतो, एका ठिकाणी चहाचं विचारतात. पोलिसात पोरगी जाणार आणि सलाम बाप घेऊन राह्यला.

पण एक सांगतो. वळणानंतर ती माझ्या पुढं निघते आणि अंधारात दिसेनाशी होते. तेव्हा माझ्या छातीत जे होतं ते दमानं होत न्हाई, भीतीनं होतं. मंग पलीकडून तिच्या पावलांचा आवाज येतो, ती परत माझ्यापर्यंत येते, मला वळसा घालते आणि पुन्हा जाते. परवा म्हणली, पप्पा, आज शेवटपर्यंत दम पुरला. मी नुसती मान हलवली, कारण माझा पुरला नव्हता. दाजी, ही पोरगी निवडली जाणार. फक्त ग्राउंडपर्यंत माझं पळणं बंद पडता कामा नये.

अक्काला जय भीम, आकांक्षाला आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमचा मेहुणा,
वसंता

ता. क. : तो कॉफी कलरचा पीस आकांक्षाच्या लग्नात मामाकडून तुम्हाला आहेर करायला राखून ठेवला होता, हे मला मागाहून कळलं. परवा ज्योत्स्नानं पेटी उघडली. तमाशाची अट तुम्ही वर वाचलीच आहे, म्हणून मी सांगून टाकलं की दाजींना शिवायला वेळ मिळावा म्हणून पीस पुढं पाठवून दिला. ती तुम्हाला फोन करणार. तुम्ही फक्त मिळाला म्हणा, टेलरकडं टाकलाय म्हणा. पोरीच्या भरतीचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. : पेटीत कागद पडलेला सापडला, त्यावर तुमचंच नाव आहे. म्हणजे तो पीस आमच्या घरभरणीला तुम्हीच दिल्ता. तेव्हा तुमचं काही गेलं, असं धरू नका.

भाऊजी, जय भीम. मी ज्योत्स्ना. ह्यांनी हे पत्र टपालात टाकायला सुमेधाकडं दिलं, तिनं माझ्याकडं दिलं. पीस कापायच्या आधीच रामप्रसादनं मला आष्टीला फोन केल्ता की वहिनी, साहेबांच्या मापाला कापड पुरत न्हाई. पाठीचा तुकडा मीच सांगून आणवला. आल्यावर अस्तरही मीच नेऊन दिलं. ती बदकं सुमेधाच्या दुपट्यांवरची आहेत, तिला दवाखान्यातून त्यातच गुंडाळून आणल्ती. ह्यांनी ओळखली न्हाईत. ह्यांना काही कळू देऊ नका, माझा धाक आहे तोवर पहाटे उठतात. तुमच्यासाठी दुसरा पीस घेतलाय. मी रविवारी फोन करीन, तेव्हा मिळाला म्हणून जरा मोठ्यानं सांगा, स्पीकर चालू ठेवते.