डॉक दोनवरचे दिवे

४ ऑगस्ट

सकाळी अकराला डॉक दोनवर, माल भरायच्या ओट्याशी, काशिनाथभाऊंचा हात सापडला. ट्रकची मागची फळी आणि डॉकच्या कडेचं रबर, यांच्यामध्ये. डावा. दोन बोटं.

‘पुढे घ्या’ म्हणून मी ओरडले. यादव ड्रायव्हरने घाबरून इंजिनच बंद केलं. ते पुन्हा चालू होईपर्यंत भाऊ तसेच उभे. ओरडले नाहीत. मला ओळखत नसल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

थांबण्याचा ठोका त्यांनी दिला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकला. शेजारी जनरेटर चालू होता. यादवला ऐकू गेला नाही.

५ ऑगस्ट

अंबरनाथ पूर्वेला हॉस्पिटलात जाऊन आले. बोटं राहतील, वाकणार नाहीत. भाऊंची बायको जांभूळहून आलेली, कापडात तांदळाची भाकरी बांधून. मला खाच म्हणाली. खाल्ली.

‘उजवा हाय ना,’ भाऊ म्हणाले. ‘ठोका उजव्यानं दीन.’

बावीस वर्षं हेच. ट्रक मागे येतो तेव्हा त्याच्या बाजूने चालायचं, फळीवर हाताने ठोके देत. दोन-दोन म्हणजे येऊ दे. एकच, जोरात, म्हणजे थांब. त्यांना कुणी शिकवलं नाही. इथे येणारे ड्रायव्हर आरशावर नाही, त्या हातावर ट्रक लावतात. डॉकवर दुसरं काही हवं असं कुणाला वाटलं नाही, कारण भाऊ होते.

मलाही नाही. डिस्पॅच माझ्याकडे आहे.

६ ऑगस्ट

अपघाताचा फॉर्म. ‘कारण’ या रकान्याला दोन ओळींची जागा.

साहेब म्हणाले, ‘निष्काळजीपणा लिहा. सगळीकडे तेच लिहितात.’

‘कुणाचा?’

‘ते कोणी विचारत नाही.’

एम.ए.च्या वर्षात एका शब्दावर दोन-दोन दिवस घालवले होते. कशासाठी, हे आज कळलं असं म्हणवत नाही. लिहिलं : ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला डॉक दिसत नाही. माणूसही दिसत नाही.

साहेबांनी दोनदा वाचलं. ‘मग दिसेल असं करा. प्रस्ताव द्या.’

खरं लिहिण्याची शिक्षा. अजून एक काम.

११ ऑगस्ट

लछमन आला. उल्हासनगरचा, इलेक्ट्रिक पॅनेलवाला. टेप काढायच्या आधी म्हणाला, ‘मॅडम, पहले ऊपर चढ़ो.’

यादवच्या ट्रकच्या कॅबिनमध्ये चढले. गुडघा बोलला. अकरा वर्षं ट्रक भरून पाठवतेय, या सीटवर पहिल्यांदा बसले. पावसाने उघडीप दिलेली, समोर लख्ख ऊन. मागे शेडची सावली. आरशात एक काळा चौकोन, बाकी काही नाही.

‘मैं दिखा?’ खाली आल्यावर लछमनने विचारलं.

‘कुठे होतात?’

तो त्या काळ्या चौकोनात उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

म्हणजे भाऊही बावीस वर्षं तिथे नव्हते.

१२ ऑगस्ट

लछमनचं म्हणणं : लाइट वरून लटकवायची नाही, फोर्कलिफ्ट दोन दिवसांत तोडेल. काँक्रीटला खाच मारून जमिनीत बसवायची. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या, ट्रक त्यांच्या मधोमध. आरशात दिसेल असा एक दिवा डॉकच्या कडेतच. हिरवा असेपर्यंत या. कड हातभर उरली की लाल.

‘साईं, जे आत बसलं ते परत निघत नाय. माझ्या सासूसारखं.’

‘साईं’ हे त्याचं सिंधी ‘साहेब’, बाईमाणसालाही तेच. बऱ्याच दिवसांनी हसले.

१३ ऑगस्ट

प्रस्ताव. साहेब म्हणाले, ‘यात हेड ऑफिसला काय मिळणार?’

‘कुणाचा हात जाणार नाही.’

‘ते चांगलंच आहे. आणखी?’

मग त्यांनीच सांगितलं आणि मी टाइप केलं : दिवे बसल्यानंतर डॉकवर इशारा देणाऱ्या माणसाची गरज राहणार नाही.

‘ही ओळ नसेल तर पास होणार नाही.’ खरं असावं. चार पानांत सर्वांत स्वच्छ उतरलेली ओळ तीच.

इशारा देणारा माणूस एकच आहे.

२६ ऑगस्ट

पास झालं. आधी डॉक दोन, ठीक चाललं तर बाकीचे. लछमन कामाला लागला. दिवसभर काँक्रीट कापण्याचा आवाज, कपांत धूळ.

१ सप्टेंबर

भाऊ परत आले. पट्टी सुटलीय. दोन बोटं सरळ, कायमची कुठेतरी दाखवत असल्यासारखी. जमिनीतल्या खाचांशी उकिडवे बसून बघत होते.

‘ताई, लाइट लागली का मंग माजं काय?’

‘तुमचं काम राहील.’

चटकन बोलले. इतक्या चटकन मी खरं बोलत नाही.

१२ सप्टेंबर

दिवे लागले. भिंतीलगत एक पिवळी चौकट आखून घेतली. ट्रक मागे येताना माणसाने तिच्या आतच उभं राहायचं.

पहिला ट्रक यादवचा. अर्ध्यावर थांबला, खिडकीतून डोकं काढून, ‘काशीचाचा, हाथ मारो ना! बत्ती का क्या भरोसा? बत्ती तो हमारे गाँव में भी है.’

सगळे खदखदले. भाऊ चौकटीतून बाहेर आले, उजवा हात उचललेला. मी ‘चौकटीत’ म्हणून इतक्या जोरात ओरडले की हसणं एकदम थांबलं. भाऊ आत गेले. मान खाली.

यादव हिरव्यावर आला, लालवर थांबला. कडेपासून हातभर.

‘अरे वा,’ तो म्हणाला.

१८ सप्टेंबर

भाऊ आता शिफ्टच्या अर्धा तास आधी येतात. ओलं फडकं घेऊन पट्ट्या पुसतात, मग दिवा. सिमेंटची धूळ बसली की उजेड अर्धा होतो, हे लछमनने त्यांना सांगितलं असावं. मला सांगितलं नव्हतं.

यादव आज ठोक्याविना आला. भाऊ चौकटीत, हाताची घडी. ओठ हलत होते. येऊ दे, येऊ दे, बास. ट्रकला ऐकू जाण्याइतकं नाही.

‘बोलत नाय ती लाइट,’ नंतर म्हणाले, ‘पन झूट बी बोलत नाय.’

मला बरं वाटायला हवं होतं.

२२ सप्टेंबर

साहेबांकडे गेले. दिव्यांची देखभाल हे काम म्हणून दाखवता येईल. रोज पुसणं, तपासणं, रजिस्टरला नोंद. भाऊ करतातच आहेत.

‘पुसायला माणूस?’

‘धुळीने दिसेनासे होतात.’

‘बघू. दसरा होऊ दे.’ ठेकेदाराच्या माणसांची, म्हणजे भाऊंचीही, नवी यादी ऑक्टोबरअखेरीस ठरते, हेही म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

२६ सप्टेंबर

जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्ती, पाणी नाही. घरीही नाही, कंपनीतही नाही. भाऊंनी दिव्यांसाठी अर्धी बादली बाजूला ठेवली होती. चहावाला मागायला आला, दिली नाही.

‘चा नाय मिळाला तं मरनार नाय कोन.’

प्रस्तावातली ती ओळ त्यांना सांगायला हवी. आज नको. पाठ दुखतेय.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. उद्या सुट्टी म्हणून कंपनीतली पूजा आजच. फोर्कलिफ्ट, वजनकाटा, पॅकिंगचं मशीन. ताट माझ्या हातात. दरवर्षी भाऊंकडे पूजा करायला काही नसायचं. स्वतःच्या हाताला स्वतःच कुंकू लावून घ्यायचे आणि सगळे हसायचे. या वेळी त्यांनी दिवे पुजले. पट्ट्यांवर बोटभर अंतराने हळदकुंकवाची बोटं. आरशात दिसणाऱ्या दिव्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, आंब्याची पानं.

‘ताई, दिसतंय ना झ्याक?’

‘छान दिसतंय.’

दिसतच होतं.

३ ऑक्टोबर

दुपारी एक. यादवचा ट्रक डॉक दोनवर आदळला. कडेचं रबर फाटलं, काँक्रीटचा हातभर टवका उडाला. कुणाला काही नाही.

यादव कॅबिनमधून उतरला. ‘लाल दिखा ही नहीं, मॅडम. सब लाल-पीला था. और चाचा का हाथ भी नहीं आया.’

भाऊ पिवळ्या चौकटीत होते. हाताची घडी. दिवा बघेल म्हणून ते थांबले. हात येईल म्हणून यादव थांबला नाही.

हार कुणी काढला नव्हता. दसऱ्याचं तोरण सुकेपर्यंत कुणी उतरवत नाही. पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून सकाळी फडकंही फिरलं नव्हतं. सकाळी मी तिथून दोनदा गेले होते. हार काढावा असं मलाही वाटलं नाही.

भाऊ जुन्या सवयीने ट्रकबरोबर चालत असते तर काय झालं असतं, ते त्या टवक्याकडे बघून कळतं.

४ ऑक्टोबर

लछमन येऊन तपासून गेला. हार बाजूला केला, शेंदरातून वाट काढत दिवा लागला. हिरवा, मग लाल. दहा वेळा.

‘लाइट ओके है. मेरे को बदनाम मत करना, साईं. पूजेत माझी पण लाइट असते, पण मी बल्बला टिळा नाय लावत.’

जाताना मात्र हार जसा होता तसा परत घातला. कडेचं रबर बदलून होईपर्यंत डॉक बंदच आहे.

६ ऑक्टोबर

पुन्हा तोच फॉर्म. तोच रकाना.

साहेब म्हणाले, ‘सोपं आहे. दिवे निकामी, असं लिहा. काढून टाकू. नाहीतर ज्याने हार घातला त्याचं नाव लिहा. दिवे राहतील.’

बाहेर आल्यावर जिन्यात बसले.

दिवे निकामी लिहिलं तर भाऊंचं काम राहतं. आणि उजवा हात परत ट्रकच्या मागे जातो. भाऊंचं नाव लिहिलं तर हात वाचतो, आणि भाऊ घरी. माझी ऑगस्टमधली ओळ शेवटी खरी होते.

तिसरं एक आहे. पूजेचं ताट माझ्या हातात होतं, छान दिसतंय असं मी म्हणाले. हे दोन ओळींत बसतं. पण ते साहेब वर पाठवणार नाहीत.

७ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत भाऊ टेबलाशी आले. ऑफिसात ते कधी येत नाहीत. बसा म्हटलं, बसले नाहीत.

‘ताई, लाइट खराब लिवा.’

‘खराब नाहीये ती.’

‘मना म्हाइत हाय. रोज मीच पुसतोय.’

‘मग परत ट्रकच्या मागे चालायचं?’

‘बावीस वरीस चाललोच ना.’

‘आणि हा?’ मी त्यांच्या डाव्या हाताकडे बोट केलं. त्यांनी तो पाठीमागे नेला.

‘हात गेला तं एक हात जातोय,’ ते म्हणाले. ‘काम गेलं तं माजं काय ऱ्हातंय, तुमीच सांगा.’

विचार करते म्हणाले. दिवसभर विचार केला नाही, मालाची चलनं बघितली.

८ ऑक्टोबर

शिफ्टच्या आधी डॉकवर गेले. फॉर्म हातात. साहेबांना दहाला हवाय.

भाऊ आधीच आलेले. हार उतरवून बाजूच्या खिळ्याला लावला होता. अजून सुकला नव्हता. दिव्यावरचा वाळलेला शेंदूर नखाने खरवडत होते. न वाकणारी दोन बोटं त्या कामाला बरी पडतात.

‘खराब लिवा सांगता आणि पुसता?’

‘घान बघवत नाय.’

मग सांगितलं. प्रस्तावातली ओळ, जशी होती तशी. इशारा देणाऱ्या माणसाची गरज राहणार नाही.

‘साहेबानं लिवली?’

‘सांगितली साहेबांनी. लिहिली मी.’

‘कवा?’

‘तुमचा हात पट्टीत होता तेव्हा.’

त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. एका हाताने नीट पिळलं जात नाही, म्हणून मी दुसरं टोक धरलं. त्यांनी धरू दिलं.

‘मंग हे बी तुमीच लिवा,’ म्हणाले.

रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

साडेआठला, डॉक उघडल्यावरचा पहिला ट्रक. यादव. दिवा हिरवा, स्वच्छ, पट्ट्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या. यादवने अर्ध्यावर गाडी थांबवली. डोकं बाहेर काढलं, दिव्याकडे बघितलं, मग भाऊंकडे. भाऊंचा एक पाय चौकटीत, एक बाहेर. ते माझ्याकडे बघत होते.

इंजिन चालू. रकाना कोरा.